ओळख दिल्याशिवाय आत सोडू नये

सुखशांती कॉलनी, घर नं. ११,
लातूर.
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय राजी,

बघ, मायन्यालाच अडले. इतकी वर्षं 'सौ. राजकन्या' लिहायची सवय. श्रीमंतराव गेल्यापासून ते लिहिता येत नाही, आणि त्याच्या जागी जे लिहितात ते तुझ्या नावामागं लावायला माझा हात वळत नाही. म्हणून नुसतं राजी. तुला, बबलूला आणि ऋतुजाला आशीर्वाद. घरात सगळे बरे असाल.

मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण ते त्यांचं नेहमीचंच. सत्यम हैदराबादहून दर रविवारी व्हिडिओवर येतो. 'आई, जेवलीस का' विचारतो आणि मी उत्तर देईपर्यंत पलीकडे कुणाशी तरी बोलायला लागतो. चालायचंच.

पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. आता कोण पत्र लिहितं? पण तू फोनच उचलत नाहीस, तर मी करू काय? पंधरा दिवस झाले, रोज लावते. वाजून वाजून बंद होतो. बबलूला लावला तर म्हणाला, 'मावशी, आई शेतात गेली.' संध्याकाळी लावला तर म्हणाला, 'आई देवळात गेली.' अगं, शिरूर अनंतपाळमध्ये एवढी देवळं कधी झाली? पोस्टमन काही खोटं बोलत नाही, म्हणून त्याच्या हातानं पाठवते.

इकडची खबर सांगते. एप्रिलमध्ये चार नंबरच्या घरी चोरी झाली. दोघंजण आले, 'दागिने उजळून देतो, पैसे नकोत, आमच्या पावडरीची जाहिरात आहे' म्हणाले. ती बाई एवढी शिकलेली, पण दिल्या काढून पाटल्या! डब्यात हळदीच्या पाण्यात घातल्या म्हणाले, पाच मिनिटांनी उघडा. पाच मिनिटांनी डब्यात नुसती हळद. मग काय, कॉलनीत बोंबाबोंब. समिती बसली. महादेवप्पा अध्यक्ष. आणि नियम लिहायचे कुणी? तर अयोध्याबाईंनी. 'मोठ्या बाई आहेत, अक्षर छापल्यासारखं आहे.' मी नको म्हणाले नाही, खरं सांगते. शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, इतक्या दिवसांत कुणी मला काही लिहायला सांगितलं नव्हतं. दोन दिवस बसून सुवाच्य अक्षरात लिहिले.

दारोदार विकायला येणाऱ्यानं गेटवरच्या वहीत नाव, गाव, माल लिहायचा, सही करायची. वेळ सकाळी दहा ते बारा. आरोळी द्यायची नाही, भोंगा वाजवायचा नाही. आणि ज्याच्या घरी जायचं, त्या रहिवाशानं वॉचमनला फोनवर ओळख दिल्याशिवाय आत सोडू नये. आहेत की नाही मुद्देसूद? महादेवप्पांनी माझ्या हातचा तो कागदच प्लास्टिकमध्ये घालून गेटवर लावला.

एक गंमत सांगते. माहूरच्या देवीचा जोगवा मागायला मंगळवारी-शुक्रवारी बाया येतात ना परडी घेऊन? त्या विक्रेत्या धरायच्या का नाहीत, यावर तासभर खल झाला. एक म्हणे, त्या काही विकत नाहीत. दुसरा म्हणे, मागतात तर! शेवटी महादेवप्पा म्हणाले, देवीला कशाला वहीत घेता, आणि विषय तसाच राहिला. आता किशन वॉचमन परडी बघितली की मान फिरवून पाणी प्यायला लागतो, आणि त्या बाया आत येतात. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

हां, तू २९ मेला इकडं येऊन गेलीस म्हणे. किशननं सांगितलं. मी नेमकी दवाखान्यात गेले होते, डोळे तपासायला. फोन घरीच राहिला होता. आधी कळवून यायचं नाही का गं? एवढ्या उन्हात तुझी खेप वाया गेली, मला फार वाईट वाटलं.

यंदा डाळी-मसाले भाजून येसर केलंस का? दर वर्षी मे सरायच्या आत मला मिळतं. तुझ्या हातच्या येसराची आमटी नसली की पाहुण्याला काय वाढावं कळत नाही. पाहुणा कोण येतो म्हणा.

आणि पंचमी २९ जुलैला आहे, मंगळवारी. आबा आणि माय गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे हेच घर, हे मी तुला सांगायला पाहिजे का? एकही पंचमी तू चुकवली नाहीस. बाळंतपणातसुद्धा ओली बाळंतीण आली होतीस एसटीनं, आठवतं? खण आणून ठेवलाय, शेवाळी, लाल काठाचा. पंचमीला येते एवढं तरी कळव. दोन ओळींचं कार्ड पुरे.

तुझी,
आक्का


लातूर,
बुधवार, २ जुलै २०२५

प्रिय राजी,

कार्ड आलं नाही. पोस्टमनला मी दोनदा थांबवून विचारलं. तो म्हणाला, 'बाई, असतं तर दिलं नसतं का?' त्याचंही बरोबर आहे.

पहिल्या पत्रात एक चूक झाली, ती दुरुस्त करते. डोळ्यांच्या दवाखान्यात मी २८ तारखेला गेले होते. तू आलीस ती २९. हल्ली तारखा चुकतात माझ्या. तू आलीस तेव्हा मी घरात होते, पण समितीची बैठक होती, माझ्याच पुढच्या खोलीत. आठ माणसं, चहा, फरसाण. गेटवरून फोन आला तो महादेवप्पांनी उचलला. त्यांना तू कोण, कुठली, काय माहीत? त्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं असेल. मला मागून कळलं. तेव्हा मी गेटपर्यंत गेले, पण तू निघून गेली होतीस.

एवढ्यावरून तू रुसून बसणारी नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून जास्तच काळजी लागलीय. तब्येत बरी आहे ना? सांधे धरलेत का? काय असेल ते सांग बाई, पण बोल.

माझा पाय जरा मुरगळलाय. काळजीचं काही नाही. क्रेप बँडेज आहे, काठी आहे. सत्यमला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तो लगेच 'हैदराबादला ये' म्हणतो, आणि तिथं चौदाव्या मजल्यावर मी काय करू?

नियम मात्र चांगले चाललेत. फार चांगले. कॉलनीत आता इतकी शांतता आहे की तीन नंबरच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर मी मोजते. आधी सकाळपासून कोण कोण यायचं. चाकू-सुऱ्यांना धार लावणारा ते चाक घेऊन यायचा. बोहारीण यायची, जुन्या साड्यांवर डबा देता देता माझ्याशी भांडायची. 'बाई, ही साडी इरलीय, हिच्यात पातेलंबी येत न्हाई.' मी म्हणायची, 'इरली कुठं, नीट बघ.' अर्धा तास जायचा. आणि दहा वाजले की भाजीवाली लक्ष्मीबाई. 'बाई, मेथी हाय, ताजी हाय, बघून तर घ्या.' पायरीवर टेकायची, तांब्याभर पाणी प्यायची, तिच्या सुनेची सगळी कहाणी मला पाठ झाली होती. मी मनात म्हणायची, किती बोलते ही बया, माझा पेपर वाचायचा राहतो.

आता पेपर वाचून साडेनऊला संपतो.

लक्ष्मीबाई येत नाही. तिला वहीत सही करायची लाज वाटते, अंगठा देते म्हणाली, आणि महादेवप्पा म्हणाले अंगठा चालणार नाही. भाजी मी मोबाइलवरून मागवते. ती आणून देणाऱ्याला कुणी ओळख विचारत नाही, गंमत बघ. त्याच्या अंगात कंपनीचा टी-शर्ट असतो. तो पिशवी दाराला अडकवतो, फोटो काढतो आणि जातो. एकदा मी दार उघडून म्हणाले, पाणी पितोस का बाबा? तो घाबरल्यासारखा झाला, 'नाही मॅडम, लेट होतंय' म्हणाला. चहासुद्धा नाही, पाणी म्हणाले होते मी.

दिवसभर कुणाशी बोलायला मिळालं नाही की माणूस स्वतःशी बोलतो, ते मला आता कळलं. काल मी कणीक मळता मळता मोठ्यानं म्हणाले, 'मीठ घातलं का गं?' आणि उत्तराची वाट बघत थांबले.

एवढं सगळं लिहायचं नव्हतं. तू येशील म्हणून पुरणाची डाळ आणून ठेवलीय. पंचमीला सत्तावीस दिवस राहिले. राजी, ये.

वाट बघणारी,
आक्का


लातूर,
रविवार, २० जुलै २०२५

राजी,

हे पत्र तू एकटी असताना वाच. ऋतुजाला वाचायला देऊ नको. सुनेपुढं माझी अब्रू जाईल म्हणून नव्हे, ती तर जायलाच पाहिजे. पण आधी तू वाच.

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. आधी दवाखान्याचं, मग महादेवप्पांचं. आयुष्यभर पोरांना खोटं बोललं म्हणून ओणवं उभं करणारी मी, आणि सहासष्टाव्या वर्षी तुझ्याशी खोटं बोलताना एक काना-मात्रासुद्धा चुकली नाही बघ माझी.

फोन मीच उचलला होता.

तुला माहीत आहे, मला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो. त्याच्या दहाच मिनिटं आधी मी सात नंबरच्या काकूंना सगळ्यांसमोर झापलं होतं. त्यांनी त्यांच्या चुलतभावाला ओळख दिली होती, तो फिनेल विकत कॉलनीभर फिरला. मी म्हणाले, 'नात्यागोत्याला ओळखी वाटायच्या असतील तर नियम फाडून टाका.' महादेवप्पा म्हणाले, 'बाईंचं बरोबर आहे, बाईंसारखं कडक असायला पाहिजे.' मी अशी ताठ बसले होते, जशी तपासणीला आलेल्या साहेबांनी शाळेचं कौतुक केल्यावर बसायची. आणि फोन वाजला.

किशन म्हणाला, 'बाई, गेटवर एक बाईमाणूस आलंय. दोन पिशव्या हायत. येसर, पापड, शेवया इकत्यात. तुमची भैन हाय म्हणून राहिल्या. सोडू का?'

खोलीतली आठही माणसं माझ्याकडं बघायला लागली. सात नंबरच्या काकू तर हसूच लागल्या होत्या, पदर तोंडाला लावून.

मी म्हणाले, 'माझ्या ओळखीचं कुणी नाही, किशन. त्यांना नियम वाचून दाखव.'

असं म्हणाले मी. शब्दन् शब्द हेच. तू ऐकलंस का नाही, हे मला किती दिवस कळत नव्हतं, आणि मी मनाला समजावत होते की ऐकलं नसेल. मग एक दिवस धीर करून किशनला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, 'बाई, माझाबी फोन तसलाच हाय, मोठ्यानं बोलणारा.'

नियम वाचून दाखव म्हणाले. तुला वाचून दाखवायची गरज तरी होती का? तो कागद माझ्या अक्षरातला. पाटीवर तुझा हात धरून क गिरवून घेतलेला मी. तू बघताक्षणी ओळखलं असशील.

आता तू म्हणशील, काकूंच्या भीतीनं म्हणाली असेल. मीसुद्धा महिनाभर मनाला तेच सांगत होते. नियमाला जागले, दुसऱ्याला एक आणि आपल्याला एक कसं चालेल, वगैरे. सगळं झूट आहे राजी. मला लाज वाटली. तुझ्या पिशव्यांची लाज वाटली. कॉलनीत मी सांगून ठेवलेलं, माझी बहीण शिरूरला, मोठी शेती आहे त्यांची, बागायत आहे. दारोदार पापड विकते हे कधी कुणाला सांगितलं नाही. तू आलीस की मी तुला पाठच्या खोलीत बसवायची आणि पिशव्या पलंगाखाली सरकवायची, 'पायात येतात' म्हणून. तुला ते कळत होतं ना? तू कधी बोलली नाहीस. उलट पुढच्या वेळी तूच आल्या आल्या पिशव्या पलंगाखाली सरकवल्यास.

श्रीमंतराव गेल्यावर महिनाभरात तू उखळ-जात्याला लागलीस, घर उभं ठेवलंस, बबलूचं लग्न केलंस. माझ्या बहिणीनं हे केलं म्हणून मी गावभर सांगत फिरायला पाहिजे होतं. मी पलंगाखाली सरकवलं.

आणखी एक खोटं राहिलं. यंदा येसर केलंस का म्हणून विचारलं होतं ना मी? ते मला त्याच दिवशी मिळालं. बैठक संपल्यावर किशन पुडा घेऊन दारात आला. म्हणाला, 'त्या बाईनं ठिवलंय. म्हणल्या अकरा नंबरला द्या, हे इकायचं न्हाई. त्यान्ला जळजळ होती म्हणून ह्यात मिरची कमी हाय.' मी पुडा घेतला आणि दार लावलं. एवढं ऐकून गेल्यावरसुद्धा तू माझ्या जळजळीचं सांगत बसलीस त्याला. तो पुडा अजून फोडलेला नाही. रोज डबा उघडते, वास घेते आणि लावून ठेवते.

गेटवरची वही मी मागून बघितली. २९ मेचं पान. नाव तू लिहिलंस, गाव लिहिलंस, माल लिहिलास. 'कोणाकडे' या रकान्यात सगळे घर नंबर लिहितात. तू लिहिलंय 'आक्का'. तुझ्या अक्षरात. आणि त्याच्यापुढं 'ओळख' या रकान्यात किशनच्या अक्षरात, 'नाही'. शेवटी तुझी सही. परत पाठवलेल्यांनी सही करायची गरज नसते, पण तू केलीस.

मला नांदेडचं होस्टेल आठवलं. डी.एड.ला होते तेव्हा. तू दहा-अकरा वर्षांची, आबांबरोबर अहमदपूरहून आली होतीस, हातात येसराचा डबा. आबांना बायकांच्या होस्टेलच्या आत येता येईना म्हणून तुला एकटीला फाटकावर सोडलं. तिथंही वही होती. कुणाकडे आलीस, म्हणून बाईनं विचारलं, आणि तू वहीत 'आक्का' एवढंच लिहिलंस. ती बाई वैतागून मजल्यामजल्यावर ओरडत फिरली, 'अगं, एक पोरगी आलीय, आक्का कोण आहे?' होस्टेलात निम्म्या पोरी कुणाच्या ना कुणाच्या आक्काच होत्या. पण मला कळलं. मी डोक्याला तेल चोपडलेलं, तशीच अनवाणी पळत खाली आले. मैत्रिणी चिडवत होत्या, पण मला तुझी लाज वाटली नव्हती गं तेव्हा. मधल्या वर्षांत मला काय झालं, माझं मलाच कळत नाही.

आता पायाचं खरं सांगते. मुरगळला तो असा नाही. २७ जूनला, शुक्रवारी, सकाळी आठच्या सुमाराला मी न्हाणीत घसरून पडले. उठता येईना. पाय अंगाखाली आलेला, मोबाइल पुढच्या खोलीत. पाच तास पडून होते फरशीवर. मी हाका मारल्या. पण कोण ऐकणार? रस्त्यावर चिटपाखरू नाही. दहा वाजले तेव्हा मला वाटलं, आता लक्ष्मीबाई येईल, 'मेथी हाय' म्हणेल, मी ओ दिली नाही तर खिडकीतून डोकावेल. आणि मग आठवलं, तिला मीच बंद केलंय. आरोळी द्यायची नाही असं मीच लिहिलंय. पडल्या पडल्या मला हसू आलं, खरंच सांगते, आणि मग रडू आलं.

मी सत्यमला हाक मारली नाही. महादेवप्पांना नाही. देवालासुद्धा नाही. 'राजी, राजी' करत होते. सारखी.

एकच्या सुमाराला किशन पाण्याचा वॉल सोडायला आला होता. त्यानं दाराला लटकलेली दुधाची पिशवी बघितली, मांजरानं फाडलेली. म्हणून आत आला. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं, नशीब माझं. त्यानं मला उचललं, शेजारच्यांना बोलावून दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नाही, शीर दुखावलीय.

बरी झाल्यावर मी बैठक बोलावली. म्हणाले, ओळखीचा नियम काढून टाका, आरोळीचा पण. महादेवप्पा म्हणाले, 'बाई, तुम्हीच तर लिहिलेत.' मी म्हणाले, चुकीचे लिहिले. ते म्हणाले, 'एकही चूक नाही, आम्ही वाचलेत.' मतं घेतली. माझ्या बाजूनं मी आणि, सांगून विश्वास बसणार नाही तुझा, सात नंबरच्या काकू. बाकी सगळे विरुद्ध. चोरीची धास्ती आहे, त्यांचंही काही खोटं नाही. मी समिती सोडली. नियम आहेत तसेच आहेत. माझ्या अक्षरात.

मग मी किशनकडून वही मागितली. पेन घेऊनच गेले होते. ते 'नाही' खोडून तिथं 'माझी सख्खी बहीण' असं लिहायचं होतं मला. किशननं वही ओढून घेतली. म्हणाला, 'बाई, जुन्या पानावर खाडाखोड करू द्यायची न्हाई. तुम्हीच सांगितलंय.' मी त्याच्याशी भांडले, मग विनवणी केली. नाही दिलं त्यानं करू. ते पान तसंच राहणार.

म्हणून मी असं ठरवलंय. पंचमीला तू येऊ नकोस. या गेटातून तू परत यावंस, किशनपुढं उभं राहून पुन्हा नाव सांगावंस, हे मागायला मला तोंड नाही. मीच येते. सोमवारी, २८ तारखेला, सकाळच्या एसटीनं. काठी घेऊन येईन, हळूहळू येईन. पिशवीत तुझा खण आहे, बांगड्या आहेत, आणि तो येसराचा पुडा. चूल तुझी, आमटी मी करते. मिरची तुला पाहिजे तेवढी घाल, माझी जळजळ मी बघून घेईन.

मी बबलूला फोन करणार नाही, स्टँडवर न्यायला बोलावणार नाही. पुढच्या दारानं येईन आणि उंबऱ्याबाहेर थांबेन. ऋतुजा येईल दार उघडायला. लग्नाच्या गर्दीत एकदाच बघितलेली मी तिला कुठली आठवणार? एकटी म्हातारी पिशवी घेऊन उभी दिसली की ती आत वळून तुला विचारेलच, 'आई, दारात कुणीतरी आलंय, आपल्या ओळखीचं हाय का?'

तू जे सांगशील ते मी बाहेर उभी राहून ऐकेन. मोठ्यानं सांग, मला कमी ऐकू येतं.

तुझ्या दारात येणारी,
आक्का